गेमरला व्हिसा मिळाला, गेमला मान कधी?

दुबईतल्या करामा वस्तीतून लाल मार्गिकेची मेट्रो धरली की दुसऱ्याच स्टेशनाला वर्ल्ड ट्रेड सेंटर येतं. दुबईच्या ईस्पोर्ट्स आणि गेम्स महोत्सवातलं ‘गेमएक्स्पो’ हे प्रदर्शन अलीकडे इथल्याच झबील दालनांमध्ये भरत आलं आहे. 2022 साली सुरू झालेल्या या महोत्सवामागे सरकार उभं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये युवराज शेख हमदान यांनी ‘दुबई प्रोग्रॅम फॉर गेमिंग 2033’ जाहीर केला आणि उद्दिष्टं आकड्यांतच मांडली: 2033 पर्यंत गेम उद्योगात 30,000 नोकऱ्या, शहराच्या अर्थव्यवस्थेत सुमारे एक अब्ज डॉलरची भर आणि जगातल्या पहिल्या दहा गेमिंग शहरांत दुबईचं नाव. पुढच्याच वर्षी या क्षेत्रातल्या गुणवंतांसाठी दीर्घ मुदतीचा वेगळा व्हिसा आला. अर्जदाराची गुणवत्ता पारखण्याचं काम ‘दुबई कल्चर’कडे गेलं. चित्रकार, लेखक आणि संग्रहालयं यांचा कारभार पाहणारं हे खातं आहे.

दोन स्टेशनं अलीकडे, करामातल्या जुन्या चार मजली इमारतींमधल्या मराठी घरांत मात्र वेगळं चित्र दिसतं. बाहेर जुलैचं ऊन असतं, खाली उतरून खेळायची सोय नसते, एसी चालू असतो आणि दहावीतला मुलगा मोबाइलवर किंवा प्लेस्टेशनवर खेळत असतो. त्याला दर अर्ध्या तासाने एकच वाक्य ऐकू येतं: ‘पुरे झालं आता, ठेव ते.’ त्याच दिवाणखान्यात वडील दोन तास क्रिकेट बघतात, आजी आली असेल तर मालिका बघते, मुंबईहून नाटक आलं की सगळं घर तिकिटं काढून जातं. त्यांना कोणी ‘पुरे’ म्हणत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात एखादी मुलगी भरतनाट्यम करते, एखादा मुलगा तबला वाजवतो, आणि आईवडील पुढच्या रांगेत बसून त्याचं चित्रीकरण करतात. गेम खेळणाऱ्या मुलाला असा रंगमंच नाही. पाहुणे आले की त्याचा उल्लेख तक्रारीच्या सुरात होतो.

हे चित्र फक्त करामातलं नाही. डोंबिवलीत, पुण्यात, नाशकात घरोघरी हेच आहे. फरक इतकाच की करामात सरकारचा उत्साह आणि घरातला संशय एकमेकांच्या इतके शेजारी आहेत की प्रश्न टाळता येत नाही. करमणुकीच्या इतर प्रकारांना जो मान मिळतो, तो व्हिडिओ गेमला मिळतो का?

पैशाच्या बाबतीत हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या ‘न्यूझू’ या संस्थेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभर गेमवर 180 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या चित्रपटगृहांच्या तिकीट खिडकीवर जमा झाली ती 34 अब्जांच्या आसपास. सौदी अरेबियाने तर या धंद्यात सरकारी तिजोरीच उघडली. 2024 साली रियाधमध्ये पहिला ईस्पोर्ट्स विश्वचषक झाला, त्यात बक्षिसांची एकूण रक्कम सहा कोटी डॉलरच्या घरात होती. सप्टेंबर 2025 मध्ये सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि त्याच्या भागीदारांनी ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ही अमेरिकन कंपनी 55 अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला.

पण पैसा आणि मान यांचा हिशेब निराळा असतो. लॉटरीतही पुष्कळ पैसा आहे. एखाद्या कलेला समाजात मान आहे की नाही, हे ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. तिच्या कर्त्यांची नावं लोकांना ठाऊक असतात. एखाद्या कृतीवर लोक वाद घालतात, वर्तमानपत्रात तिचं परीक्षण येतं, ती शिकवणारी शाळा असते, जुन्या कृती जपून ठेवणारं भांडार असतं. मराठी समाजाने नाटकाला हे सगळं दिलं, सिनेमालाही दिलं. पण सिनेमाला ते आयतं मिळालं नव्हतं, आणि ती हकीकत इथे आठवायलाच हवी.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला बसले तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बाई मिळेना. कुलीन घरातल्या बायका तर दूरच, ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकलं होतं त्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला फाळक्यांनी तारामती केलं. चित्रपटात काम करतो असं सांगितलं तर लोक नाकं मुरडतील, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत’ असं सांगायला शिकवलं होतं, ही आठवण प्रसिद्ध आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये तो चित्रपट लागला. त्यानंतर 41 वर्षांनी, 1954 मध्ये, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. 1960 मध्ये पुण्यात, प्रभातच्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. 1964 मध्ये त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जुनी रिळं गोळा केली. सिनेमाला घरच्या कुचेष्टेपासून राष्ट्रीय भांडारापर्यंत पोहोचायला अर्धं शतक लागलं.

अटारी कंपनीचा ‘पाँग’ 1972 साली आला. व्हिडिओ गेमच्या व्यवसायाची खरी सुरुवात तिथून धरली, तर त्यांचं अर्धं शतक 2022 मध्ये पूर्ण झालं.

मराठी मुलखात गेम कसा आला, यावरही त्याची पत बरीचशी ठरली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो दोन वाटांनी आला. एक वाट आखातातून. दुबईला नोकरीला असलेला काका सुट्टीत येताना टू-इन-वन, परफ्यूम आणि बदामाच्या पाकिटांबरोबर टीव्हीला जोडायचा गेमचा खोकाही आणायचा, आणि त्या उन्हाळ्यात वाड्यातली सगळी मुलं त्या एका घरात पडीक असायची. खुद्द आखातात त्याच काळात ‘सख्र’चे संगणक घरोघरी पोहोचत होते. कुवेतच्या मोहम्मद अल शारेख यांनी जपानी एमएसएक्स यंत्राला अरबी शिकवली आणि एका अख्ख्या अरब पिढीने की-बोर्ड आणि गेम दोन्ही त्याच्यावरच शिकून घेतले. शिक्षणाच्या निमित्ताने आल्यामुळे त्या यंत्राला तिथल्या घरांत सन्मानाची जागा मिळाली.

दुसरी वाट गल्लीतल्या पार्लरची. अंधारी खोली, चार-पाच यंत्रं, गल्ल्यावर नाणी बदलून देणारा मालक आणि शाळा बुडवून आलेली पोरं. नव्वदच्या दशकात या पार्लरमध्ये ज्या गेमपुढे रांग लागायची त्याला सगळी पोरं ‘मुस्तफा’ म्हणत. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 1993 मध्ये काढला आणि तो मार्क शुल्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवर बेतलेला होता. चार पात्रांपैकी पिवळ्या टोपीच्या एकाचं नाव मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफा. भारतातल्या लाखो मुलांनी तो शेवटपर्यंत खेळला असेल. त्यातल्या फारच थोड्यांना त्याचं नाव किंवा तो कोणी केला हे कधी कळलं. नाटकवेड्या माणसाला लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार तोंडपाठ असतात. गेमवेड्या मुलाला कर्त्याचं नाव सांगणारं कोणी नव्हतं.

सरकारी कागदांतही हीच पायरी दिसायची. मराठी चित्रपटांना महाराष्ट्रात करमणूक कर माफ होता. त्याच करमणूक शुल्काच्या कायद्याखाली पार्लरमधल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर मात्र शुल्क लावलं जाई. एकाला संस्कृती म्हणून सवलत आणि दुसऱ्यावर धंदा म्हणून आकारणी, अशी ही सरळ विभागणी होती. ती करणाऱ्यांचा दोष फारसा नाही, कारण तेव्हा गेमच्या बाजूने बोलायलाच कोणी उभं नव्हतं.

आता बोलणारे आहेत, आणि प्रत्येक देशाने गेमला आत घेण्यासाठी वेगळं दार उघडलं आहे.

भारताने खेळाचं दार उघडलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला अधिकृतपणे क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. त्याआधी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, ईस्पोर्ट्स केवळ प्रदर्शनीय असताना, भुजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’मध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. हांगझोऊच्या पुढच्या स्पर्धेत ईस्पोर्ट्सची पदकं अधिकृत झाली. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी काही गेमर्सना बोलावून गप्पा मारल्या, त्यात तीर्थही होता आणि ‘मिथपॅट’ या नावाने यूट्यूबवर गाजलेला मिथिलेश पाटणकर हा मराठी मुलगाही. त्या एका चित्रफितीने अनेक मराठी घरांतला सूर थोडा मऊ झाला असेल. मात्र खेळाच्या दारातून आत येतो तो खेळाडू. ज्याने गेम लिहिला, त्याची चित्रं काढली, त्याचं संगीत केलं, तो बाहेरच राहतो. क्रिकेटची बॅट बनवणाऱ्याला अर्जुन पुरस्कार मिळत नाही. गेम करणारा मात्र बॅट बनवणारा नसतो. तो नाटककाराच्या जातीचा असतो. शिवाय हे दार अजून पुरतं उघडलेलंही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने सौदीबरोबर ‘ऑलिम्पिक ईस्पोर्ट्स गेम्स’ ठरवले, पुढे ढकलले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ती भागीदारीच संपवली.

दुबई आणि अबुधाबीने उद्योगाचं दार उघडलं. अबुधाबीत युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ 2011 पासून आहे. उद्योगाच्या दारातून येणाऱ्याला जागा, परवाना, व्हिसा मिळतो, आणि करामात राहणाऱ्या एखाद्या मराठी प्रोग्रॅमरच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नाही. अमिरातीत 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा मुक्काम नोकरीच्या व्हिसाला बांधलेला असतो. नोकरी गेली की सामान बांधायचं. अशा ठिकाणी ‘तुझ्या गेममधल्या कौशल्यावर तू इथे राहू शकतोस’ असं सरकारने म्हणणं, याचं वजन तिथे राहणाऱ्यालाच कळतं.

आणि काही देशांनी कलेचं दार उघडलं. मार्च 2006 मध्ये फ्रान्सने ‘मारिओ’चे जनक शिगेरू मियामोतो यांना आणि मिशेल आन्सेल, फ्रेडरिक रेनाल या दोन फ्रेंच गेमकारांना कला आणि साहित्यासाठीचा सरकारी किताब दिला. जपानने 2019 मध्ये मियामोतोंना सांस्कृतिक गुणवंतांच्या यादीत घेतलं. ब्रिटिश अकादमी चित्रपटांप्रमाणेच गेमना दरवर्षी पुरस्कार देते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये ‘पॅकमॅन’ आणि ‘टेट्रिस’सह 14 गेम आपल्या संग्रहात दाखल केले. पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी 2011 मध्ये ओबामांना भेट द्यायच्या वस्तूंत ‘द विचर 2’ हा पोलिश गेम ठेवला. 2020 मध्ये त्याच देशाने ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालण्याचा निर्णय जाहीर केला. वेढ्यात सापडलेल्या शहरातल्या साध्या नागरिकांची ती कथा आहे. औषध चोरायचं की उपाशी राहायचं, आजारी सोबत्याला मागे सोडायचं का, असे निर्णय त्यात खेळणाऱ्याला घ्यावे लागतात. युद्धकथा वाचताना वाचक पात्राच्या निर्णयावर हळहळतो. इथे निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. अमेरिकेचे चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2010 मध्ये लिहिलं होतं की गेम कधीच कला होऊ शकणार नाही. त्यावर हजारो वाचक तुटून पडले आणि काही महिन्यांत त्यांनी दुसरा लेख लिहून आपला आग्रह सैल केला. ईबर्ट यांची अडचण खरी होती: प्रेक्षकाच्या हाती सूत्रं दिली तर लेखकाचं काय उरलं? पण कीर्तनकार समोरच्या श्रोत्यांचा अंदाज घेत आख्यान वळवतो, तमाशातली बतावणी प्रत्येक गावात वेगळी होते, आणि तरीही ती कुणाची तरी रचना असते. मराठी माणसाला तरी ही कल्पना परकी वाटायला नको.

मान नसला की काय होतं, हे बंदीच्या वेळी सगळ्यात स्पष्ट दिसतं. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरने घाव घातला, तेव्हा नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. नाटकात काय आहे, कोणता संवाद का आहे, पात्र असं का बोलतं, यावर वर्तमानपत्रांत आणि घराघरांत बोललं गेलं. विरोधकांनीही नाटकाला नाटक म्हणूनच विरोध केला. आता ‘पबजी’कडे पाहावं. जानेवारी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वतीने या गेमवर बंदी मागणारी याचिका दाखल झाली. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळण्यावर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना चक्क अटक केली. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून आणखी 117 अ‍ॅपबरोबर त्याच्यावर बंदी आणली. जुलै 2021 मध्ये त्याचाच भारतीय अवतार आला, वर्षभराने काढला गेला, मे 2023 मध्ये परतला. या सगळ्या वर्षांत तो गेम चांगला आहे की वाईट, त्याची रचना कशी आहे, तो मुलांना का धरून ठेवतो, याची चर्चा मराठीत अपवादानेच झाली. तो एक अ‍ॅप होता, यादीतला एक क्रमांक.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गेमविषयीच्या कॅलिफोर्नियाच्या एका कायद्यावर निकाल देताना नेमका उलटा विचार केला. पुस्तकं, नाटकं, चित्रपट यांच्याप्रमाणे गेमही विचार पोहोचवतात, तेव्हा त्यांनाही अभिव्यक्तीचं तेच संरक्षण आहे, असं न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं. हिंसेचा मुद्दा निघाल्यावर त्यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांकडे बोट दाखवलं.

घरातला संशय मात्र अगदीच निराधार आहे असं कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिलं आणि ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि साधारणपणे हे बारा महिने टिकणं, अशा त्याच्या कसोट्या आहेत. बंगळुरूच्या निमहान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठीचं बाह्यरुग्ण केंद्र 2014 पासून चालतं. ज्या आईने मुलाला रात्री तीनपर्यंत खेळताना पाहिलं आहे, तिची काळजी खरी आहे. दहावीतला मुलगा तीन तास खेळतो एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही, हेही तितकंच खरं.

त्याहून मोठं नुकसान केलं ते पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपनी. रमी आणि फँटसी खेळांच्या जाहिरातींत मोठमोठे नट आणि क्रिकेटपटू दिसू लागले, आणि ‘ऑनलाइन गेमिंग’ म्हटलं की कर्ज आणि आत्महत्यांच्या बातम्या आठवू लागल्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ईस्पोर्ट्स व साध्या करमणुकीच्या गेमना वेगळं काढून प्रोत्साहन देण्याचं ठरवलं. जुगार आणि गेम यांच्यातली ही रेघ कायद्याने आखली हे चांगलं झालं. घराघरांत ती अजून आखली जायची आहे.

मग मान द्यावा असं या गेममध्ये आहे तरी काय? दोन उदाहरणं जवळून पाहण्यासारखी आहेत.

टोरंटोच्या ‘विसाई गेम्स’ने 2023 मध्ये ‘वेंबा’ हा छोटा गेम काढला. दीड-दोन तासांत संपतो. वेंबा ही ऐंशीच्या दशकात नवऱ्याबरोबर कॅनडाला गेलेली तमिळ बाई. तिच्याकडे आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, शाई पुसलेली. खेळणाऱ्याने तर्क करून पदार्थ पुरा करायचा. इडलीच्या ताटल्या अशा रचायच्या की वाफ वरपर्यंत पोहोचेल. पुट्टूच्या नळीत पीठ आणि खोबरं कोणत्या क्रमाने भरायचं ते ओळखायचं. पदार्थ फसला तर पुन्हा करायचा, कोणी मरत नाही, गुण कापले जात नाहीत. पदार्थांच्या मधल्या जागेत घराची गोष्ट उलगडते. नवऱ्याला मनासारखं काम मिळत नाही. मुलगा कविन मोठा होतो तसा तमिळ टाळू लागतो, डब्यातल्या जेवणाची त्याला लाज वाटते, तो दूर जातो. पुढे एका टप्प्यावर सूत्रं त्याच्या हाती येतात आणि आईची वही त्याला वाचावी लागते. या गेमला 2024 मध्ये ब्रिटिश अकादमीचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. करामातल्या कुठल्याही मराठी घराने तो उघडावा आणि इडलीच्या जागी थालीपीठ धरावं. तीच फोनवर विचारलेली कृती, तोच मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारा मुलगा. परदेशातल्या घराची ही कथा आई आणि मुलगा शेजारी बसून हाताने खेळू शकतात, आणि ही सोय कादंबरीत नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी ही संस्था उभी केली. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीची मोहीम काढली, ती पुरी झाली नाही. तरी काम थांबलं नाही, आणि 2020 मध्ये गेम जगभर प्रसिद्ध झाला. राजी ही डोंबाऱ्याच्या सफाईने उड्या मारणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी आपसांत बोलतात आणि तोच निवेदनाचा धागा होतो. राजवाड्यांच्या भिंतींवर पहाडी चित्रशैलीचे रंग आहेत, आणि कथेतले महत्त्वाचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे पडद्यावर येतात. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात ‘राजी’ला नामांकन होतं.

इथे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची आठवण येते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. दिव्यासमोर बाहुली नाचवून रामायण सांगणाऱ्या या कलावंतांना एके काळी भिक्षेकऱ्यांसारखं वागवलं गेलं. 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. पडद्यावर हलणाऱ्या सावल्यांतून गोष्ट सांगण्याचा हा मान मिळायला किती पिढ्या लागल्या, आणि तीच कला संगणकावर वापरणाऱ्या पुण्याच्या चमूचं नाव किती मराठी वाचकांना ठाऊक आहे, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात.

जपणुकीचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने 2023 मध्ये दाखवून दिलं की तिथे 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. चित्रपटाचं रीळ सापडलं तर दाखवता येतं. गेमला त्याचं यंत्र लागतं, त्याची प्रणाली लागते, कधी कंपनीचा सर्व्हर लागतो. सर्व्हर बंद झाला की गेम संपला. भारतात पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या तोडीचं गेमचं भांडार नाही. पुण्या-मुंबईच्या छोट्या चमूंनी मोबाइलसाठी केलेले कितीतरी सुरुवातीचे गेम नव्या फोनवर चालत नाहीत. फाळक्यांच्या काळातली रिळं अशीच गेली, आणि त्याबद्दल आपण आज हळहळतो.

आशेला जागा आहे. जुलै 2025 मध्ये मुंबईत पेडर रोडला, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या आवारात, ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ सुरू झाली. अ‍ॅनिमेशन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सबरोबर गेमनिर्मिती हा तिथला विषय आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. शाळा आली, धोरण आलं. आता हवी ती दाद, आणि ती सरकार देऊ शकत नाही. ती द्यायची आहे वाचकांनी, संपादकांनी, मंडळांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी.

म्हणून काही साध्या गोष्टी मागाव्याशा वाटतात. करामातल्या आईवडिलांनी मुलाच्या शेजारी एकदा अर्धा तास बसावं आणि नाटक पाहून आल्यावर विचारतात तसं विचारावं: गोष्ट काय आहे, कोणी केला आहे, तुला त्यात काय आवडलं? अर्ध्या तासात हेही कळेल की समोरचा गेम गोष्ट सांगतो आहे की फक्त पैसे आणि वेळ खेचतो आहे. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो बंद करायला सांगण्याचा अधिकार मग अधिक भक्कम होतो. आखातातल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत तबला आणि नृत्याच्या बरोबरीने, स्वतः छोटा गेम करणाऱ्या मुलामुलींना दहा मिनिटं द्यावीत. आणि मराठी वर्तमानपत्रांनी रविवारच्या पुरवणीत, नाटक-सिनेमाच्या परीक्षणाशेजारी, महिन्यातून एका गेमचं परीक्षण छापायला सुरुवात करावी, कर्त्यांच्या नावांसह आणि दोष दाखवून. पहिल्या परीक्षणासाठी ‘राजी’ घ्यावा. तो पुण्यातच तयार झाला आहे.